खाडीकाठी नेलेली सातवीण

वैशाखात आमच्या टेकडीवरून खाली उतरायचे तर उन्हाच्या आधी उतरावे, हे भांडुपच्या या बाजूला राहणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. पत्रे तापले की पायऱ्याही तापतात. मी तात्यांना तसे आदल्या दिवशीच बजावून ठेवले होते. तरी निघायला उशीर झालाच, कारण मी आणलेला नारळ त्यांना पसंत पडला नाही. त्यांना शेंडीचा हवा होता आणि आत पाणी वाजणारा हवा होता. नाक्यावरच्या दुकानदाराला उठवून, पाच-सहा नारळ कानाशी हलवून, त्यातला एक त्यांनी घेतला आणि मग आम्ही रिक्षा पकडली.

तात्या म्हणजे माझे सासरे. मूळचे कुडाळकडचे. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी मिळेल ती कामे केली आणि आता ऐंशीच्या आसपास आल्यावर ते चाळीचे गाऱ्हाणे घालतात. गाऱ्हाणे म्हणजे देवापुढे सगळ्यांच्या वतीने मोठ्या आवाजात मांडायची विनंती. मी साताऱ्याकडची. लग्न होऊन या टेकडीवर आले तेव्हा मला मालवणी कळत नव्हते. आता सगळे कळते, पण बोलायला गेले की घरातली मुले हसतात.

माझ्या पिशवीत पाण्याच्या बाटल्या, ग्लुकोज, तात्यांच्या गोळ्या, छत्री, बसायला जुनी चादर, हळदकुंकू, तांदूळ, उदबत्ती, काडेपेटी आणि सुरी होती. शाळेच्या कार्यालयात इतकी वर्षे काढल्यावर यादी केल्याशिवाय घराबाहेर पाऊल पडत नाही. आम्ही चाललो होतो बोरिवलीला, एक झाड पाहायला.

हे झाड आमच्या चाळीच्या तोंडाशी होते. सातवीण. चाळीतले बहुतेक लोक कोकणातले. त्यांच्या वाडवडिलांनी टेकडीवर पहिल्या झोपड्या बांधल्या तेव्हाच त्या सातविणीखाली राखणदार मानला (राखणदार म्हणजे जागेची आणि माणसांची राखण करणारा). दर वर्षी पावसाच्या आधी त्याला नारळ द्यायचा, गाऱ्हाणे घालायचे, ही रीत. मला स्वतःला त्या झाडाचे फारसे प्रेम नव्हते. दिवाळीच्या सुमारास ते फुलले की त्या उग्र वासाने माझे डोके दुखायचे. पण त्याच्या सावलीत दोन रिक्षा, भाजीची गाडी आणि निम्म्या चाळीच्या गप्पा मावायच्या, हेही खरे.

गेल्या उन्हाळ्यात टेकडीवर येणारा रस्ता रुंद करायचे ठरले. मी रस्त्याच्याच बाजूची होते आणि अजूनही आहे. माझ्या सासूबाईंना शेवटच्या आजारात खुर्चीत बसवून चौघांनी खाली उतरवले होते, ते मी विसरलेले नाही. कंत्राटदाराची माणसे म्हणाली, झाडे तोडणार नाही, दुसरीकडे नेऊन लावणार, तेव्हा कोणी हरकत घेतली नाही. फांद्या छाटल्या, मुळांचा गोळा गोणपाटात बांधला, क्रेनने उचलून सातवीण ट्रेलरवर आडवी ठेवली. तिच्याबरोबर उताराच्या पायथ्याची आंबा, जांभूळ, करंज अशी रांगच्या रांग गेली. चाळ बाहेर येऊन बघत होती. तात्यांनी हात जोडले.

मग पाऊस आला. आमच्या घराची मागची भिंत डोंगराला टेकलेली आहे. त्या भिंतीतून कधी ओल यायची, पण गेल्या पावसात तांबडी माती आली. आधी बारीक रेघ, मग मोरीत गाळ, मग एका दुपारी पाठीमागच्या गटारातून दगडांसकट लोंढा येऊन शेजारच्या सावंतांचे स्वयंपाकघर गुडघाभर भरले. नशिबाने सगळे पुढच्या खोलीत होते. हिवाळ्यात आणखी एक लक्षात आले. वरचा झरा होळीपर्यंत वाहायचा, बायका त्यावर कपडे धुवायच्या. तो या वेळी संक्रांतीलाच आटला. आणि आता उन्हाळ्यात घरात भट्टी पेटल्यासारखे होते. संध्याकाळी वटवाघळे यायची, तीही दिसत नाहीत.

आता रस्त्याचा पुढचा टप्पा आला होता. आमच्या घरांच्या मागे उतारावर जी मोजकी झाडे उरली आहेत, तीही हलवायची म्हणून चाळीची संमती हवी होती. रविवारी बैठक ठरली. कंत्राटदाराकडून हे सांगायला आलेला इंजिनिअर मुलगा सभ्य होता. त्याने मोबाईलवर फोटो दाखवला, हिरवीगार झाडे, शेजारी लाल बाक. “मॅडम, गेल्या वर्षीची सगळी जगलीत. बोरिवलीला आहेत. बघून या हवं तर.”

हवे होतेच. ती झाडे जगली असतील तर उरलेलीही जगतील, आणि उताराला संरक्षक भिंत बांधून मिळणार असेल तर मी सही करणार होते. जगली नसतील, तर माझ्या मागच्या भिंतीला आधार म्हणून जे काही उरले आहे, ते मी कोणाच्या भरवशावर सोडणार? म्हणून शनिवारी रजा टाकली. तात्या म्हणाले, “मी पण येतलंय. वर्षाचो नारळ देवचो रवलोहा.” (मीपण येणार, वर्षाचा नारळ द्यायचा राहिला आहे.)

घाटकोपरला रिक्षा सोडली. मेट्रोच्या जिन्याखाली गरम फाफड्यांचा वास सुटला होता. मी विचारले, काही खाणार का. तात्या नाही म्हणाले. नारळ दिल्याशिवाय ते खात नाहीत, हे मला माहीत होते, पण विचारले नसते तर तेही त्यांना लागले असते. मी दोन फाफडे त्यांच्याकडे पाठ करून खाल्ले.

वर तपासणीत पिशवी अडली. गणवेशातल्या मुलीने काडेपेटी बाहेर काढली, मग सुरी.

“मॅडम, ही दोन्ही नाही जाणार.”

“सुरी फळाला आहे,” मी म्हणाले.

तिने पिशवीत पुन्हा पाहिले. “फळ कुठाय? नारळच तर आहे. तुम्ही नारळ सुरीनं कापता?”

“माझ्या सुनेची यादी हा ती,” तात्या तिला म्हणाले. “घरात फक्त कपाट तेवढा मागे रवला.”

मुलगी हसली, पण काडेपेटी आणि सुरी तिने ठेवून घेतलीच. उदबत्ती राहिली, पेटवायचे साधन गेले. मी मनातल्या यादीवर काट मारली आणि पुढे झाले.

अंधेरीला गाडी बदलावी लागते. एका मेट्रोतून उतरून पुलावरून दुसऱ्या मेट्रोकडे जायचे. तो पूल तरुणांसाठी बांधलेला आहे. तात्या कठड्याला धरून दर थोड्या अंतराने थांबत होते आणि प्रत्येक वेळी गुडघ्यासाठी नव्हे तर खालचा महामार्ग बघण्यासाठी थांबल्यासारखे दाखवत होते. मी पण महामार्ग बघितला. दुभाजकात लावलेली रोपे धुळीने सिमेंटच्याच रंगाची झाली होती.

दुसऱ्या गाडीत बसायला मिळाले. गाडी उंचावरून धावते, त्यामुळे एरवी न दिसणारी मुंबई दिसते: गच्च्या, पाण्याच्या टाक्या, निळे प्लास्टिक पांघरलेली छपरे. गोरेगाव गेल्यावर उजव्या हाताला डोंगर सुरू झाले. आधी मोकळे, मग झाडीचे. उन्हाळ्यामुळे पिवळट होते, तरी तिकडे बघून डोळ्यांना बरे वाटत होते.

तात्यांनी काचेला बोट लावले. “ह्यो खयचो डोंगर गो?”

“आपलाच,” मी म्हणाले. “आपण पलीकडे राहतो. ही त्याची पाठ.”

त्यांनी काचेवरचे बोट डोंगराच्या कडेने फिरवले. मग म्हणाले, “म्हणजे सरळ चलत इलो असतो तर?”

“मध्ये जंगल आहे, तात्या. बिबटे आहेत.”

“ते बरे. तिकीट तरी मागत नाय.”

गाडी दहिसरला वळसा घेऊन बोरिवली पश्चिमेला आली. खाली उतरलो तेव्हा ऊन डोक्यावर आले होते. इंजिनिअरने दिलेला पत्ता एका उद्यानाचा होता. रिक्षावाल्याला ते ठाऊक होते. दारातून आत शिरताच मला लाल बाक दिसला. त्याच्या शेजारी फोटोतलीच झाडे, हिरवी, भरदार, बुंध्यावर पत्र्याचे आकडे ठोकलेली. मला हायसे वाटले. जागा सापडली, झाडे जगली, काम झाले.

तात्या एकेका बुंध्याला हात लावत चालले होते. “हो आंबो आमचो नाय,” ते म्हणाले. “आणि सातवीण खय हा?”

बाकावर कॅनव्हासचे बूट घातलेले एक गृहस्थ वर्तमानपत्र वाचत बसले होते. मी त्यांना विचारले, भांडुपहून आणलेली झाडे हीच का?

“भांडुपहून?” त्यांनी चष्म्यावरून पाहिले. “अहो, मी इथे राहायला आलो तेव्हा हा आंबा एवढाच होता. ही सगळी इथलीच आहेत. आकडे तर सगळ्याच झाडांना ठोकतात.” मग म्हणाले, “बाहेरून आणलेली म्हणता ना, ती खाडीकडच्या मोकळ्या प्लॉटवर टाकलीत. तिकडे जा. पण टोपी घाला, सावली नाहीये.”

इंजिनिअरने चुकून हा फोटो दाखवला की मुद्दाम, ते मला अजून कळलेले नाही. लाल बाकावर बसून मी तात्यांना ग्लुकोजचे पाणी दिले. ते पाणी त्यांना चालते. मीही प्यायले आणि पुढची रिक्षा शोधायला उठले. त्या क्षणी मला घरी परत जावेसे वाटत होते. पुढे काय दिसणार, याचा अंदाज आला होता.

प्लॉटला पत्र्याचे कुंपण होते. फाटकाशी खुर्ची टाकून बसलेला वॉचमन मोबाईलवर क्रिकेट बघत होता. झाडे बघायची आहेत म्हटल्यावर त्याला आश्चर्य वाटले नाही.

“बघा ना. कोणी अडवलंय?”

“भांडुपची कुठली?”

“ते काय मला माहीत नाय. आली तेव्हा मी नव्हतो.” आणि पुन्हा क्रिकेट.

आत गेलो. जमीन सपाट, भरावाची, वर पांढुरकी पापुद्र्यासारखी खार फुटलेली. पलीकडे तिवरांची हिरवी भिंत आणि तिच्यामागे खाडीचा वास. आणि मधे रांगेने बुंधे उभे. फांद्या नसलेले, टेकू दिलेले, बुडाला गोणपाट अजून तसेच गुंडाळलेले. सोडायचे राहून गेलेले. काहींवर वाळवीने मातीचे थर चढवले होते. दोन आडवे पडले होते. डोंगरउताराच्या मातीत वाढलेली झाडे आणून या खाऱ्या भरावात उभी केली होती, आणि आजूबाजूला नळ, पाईप, टाकी काही दिसत नव्हते.

तात्या रांगेतून चालत गेले आणि एका बुंध्यापाशी थांबले. छातीच्या उंचीवर सालीत अर्धवट बुडालेली लोखंडी कडी होती. आमच्या चाळीची घंटा त्या कडीला टांगलेली असायची. घंटा काढून घेतली होती, कडी झाडाने धरून ठेवली होती.

त्यांनी नखाने साल खरवडली. आत तपकिरी, कोरडे. थोडे वर खरवडले. तेही तसेच.

“गेली,” ते म्हणाले.

मी मोबाईल काढून फोटो घेतले. कडीचा, सालीचा, गोणपाटाचा, खारीचा. बैठकीला हे लागणार होते. मला वाईट वाटत नव्हते असे नाही, पण त्याआधी माझ्या डोळ्यांपुढे आमची मागची भिंत आली, आणि तिच्यामागे उतारावर उरलेला रायवळ आंबा, त्याची उघडी पडलेली मुळे.

“तुमचं पण आहे का इथे?”

मागून आवाज आला. माझ्याच वयाची एक बाई, डोक्याला ओढणी गुंडाळलेली, दोन्ही हातांत पाण्याचे कॅन. फाटकाबाहेर तिची स्कूटर दिसत होती. तिचे नाव सुनंदा. घाटकोपरच्या वस्तीत राहते, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. मी तिच्या हातातला एक कॅन धरला आणि आम्ही प्लॉटच्या कोपऱ्याकडे चालू लागलो. तिथे एक पिंपळ होता. एका बाजूने वाळलेला, पण दुसऱ्या बाजूला बुंध्यातून धुमारे फुटलेले, तांबूस, चमकदार पाने. त्या सगळ्या प्लॉटवर हलणारी पाने तेवढीच.

“आमच्या विहारासमोरचा,” ती म्हणाली. “नाला रुंद केला तेव्हा आणला. आधी आम्ही पण आलो नाही. म्हटलं, त्यांचं काम आहे, ते करतील. मग माझा नवरा सहज येऊन गेला, तर पानंच नाहीत. मग वस्तीत पाळ्या लावल्या. आज माझी पाळी.”

“घाटकोपरहून? पाणी घालायला?”

“हसा, हसा. सगळे हसतात. नणंद म्हणते, एवढं पाणी मला घातलं असतंस तर मी उंच झाले असते.” तिने कॅन तिरका केला. खाऱ्या मातीने पाणी लगेच ओढून घेतले. “अर्धा गेलाय हो. उरलेला धरून ठेवायचा. तुमचं कुठलं?”

मी सातवीण दाखवली. तिने लांबूनच पाहिले. मग म्हणाली, “तुमच्याकडून कोणी येत नव्हतं?”

“नाही,” मी म्हणाले. आमच्या चाळीत गणपतीच्या वर्गणीपासून पाण्याच्या टँकरपर्यंत सगळ्याच्या पाळ्या मीच लावते. ही पाळी कोणाच्या डोक्यातच आली नाही. झाड गेले बोरिवलीला, म्हणजे ते बोरिवलीकरांचे झाले, असे आम्ही धरून चाललो.

तात्यांनी हाक मारली. त्यांनी सातविणीच्या बुडाशी रुमाल अंथरून त्यावर नारळ ठेवला होता, शेंडी वर करून.

“काडेपेटी?”

“मेट्रोत घेतली, तात्या.”

सुनंदाने पर्समधून काडेपेटी काढली. पिंपळापाशी लावायला तिने मेणबत्त्या आणल्या होत्या. तिने पेटवून दिलेली उदबत्ती तात्यांनी सातविणीच्या कडीत खोचली.

“बाबा, आम्ही हे देवाचं वगैरे मानत नाही,” ती म्हणाली. “पण थांबते. तुमचं होऊ दे.”

“थांब गो बाय. ऐकणारा कोण तरी व्हया.”

गाऱ्हाण्याला एकाने बोलायचे आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे असते. चाळीत तो होकार टेकडीवरून खाली नाक्यापर्यंत ऐकू जातो. इथे होकार द्यायला मी एकटी. तात्यांनी डोळे मिटले आणि एवढ्या मोठ्या आवाजात सुरुवात केली की फाटकावरचा वॉचमन उठून उभा राहिला.

“बा राखणदारा, म्हाराजा! तुझा ठिकाण डोंगरार होता. थयसून तुका उचलून हयसर खाऱ्यात आणून टाकल्यानी.” (तिथून उचलून तुला इथे खाऱ्यात आणून टाकले.)

“व्हय म्हाराजा,” मी म्हणाले.

“आमी हात जोडून बघीत रवलो. मागसून कोण इलो नाय, घोटभर पाणी कोण घातल्यान नाय.”

“व्हय म्हाराजा.”

“तुझा झाड गेला. तू रवलंस. आता हयसर रवू नको. ह्या नारळात ये, आमच्यावांगडा घराक चल. डोंगरार अजून आंबो हा, त्याच्या बुडात तुझी जागा करतंव. आमच्या पोराबाळांक सांभाळ, डोंगराक सांभाळ, रे म्हाराजा!” (या नारळात येऊन आमच्याबरोबर घरी चल, असे ते त्याला सांगत होते.)

“व्हय म्हाराजा.” माझा आवाज त्या मोकळ्या प्लॉटवर मलाच ओळखू येईना.

मी नारळ फोडायला दगड शोधून आणला. तात्यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि बाजूला टाकला. “फोडूचो नाय. तो ह्याच्यात इलोहा.” (तो यात आला आहे.) रुमालाला गाठ मारून त्यांनी नारळ उचलला. सातविणीच्या कडीला एकदा हात लावला. मग म्हणाले, “आता भूक लागली.”

फाटकाच्या सावलीत चादर अंथरली. सुनंदाच्या डब्यात ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी होती. तिने अर्धी भाकरी मला आणि एक अख्खी तात्यांना दिली. तात्यांना भातावाचून जेवण जेवण वाटत नाही, पण त्यांनी चटणी बोटाने पुसून खाल्ली आणि नाक ओढत म्हणाले, “ही चटणी सातविणीक घातली असती तर ती उठान उभी रवली असती.”

“बाबा, पिंपळाला पण लागू पडेल का बघते,” सुनंदा म्हणाली. तिने मला नंबर दिला. कधी त्यांच्यातल्या कोणाला पाळीला यायला जमले नाही तर तिने मला कळवायचे आणि मी यायचे, असे ठरले. ही पाळी मात्र मी माझ्या यादीत घातली आहे.

परतीला बोरिवलीच्या स्टेशनात तपासणीच्या पट्ट्यावर पिशवी ठेवली. तात्यांनी रुमालातला नारळ ठेवला नाही.

“बाबा, सामान मशीनमध्ये टाका,” तिथला शिपाई म्हणाला.

“ता सामान नाय.”

“मग काय आहे?”

“पावणो,” तात्या म्हणाले. (पाहुणा.)

शिपायाने माझ्याकडे पाहिले. त्याने गाठ सोडायला लावली, नारळाभोवती यंत्राची कांडी फिरवली आणि हात जोडून पुढे जायला सांगितले. तो कोकणातला असावा, किंवा फक्त दमलेला असावा. मीही दमले होते. गाडीत तात्यांना लगेच झोप लागली, नारळ दोन्ही हातांत मांडीवर धरलेला. डोंगर आता डाव्या हाताला होता आणि त्याच्यावर उन्हाचा धुरकट पडदा आला होता. सकाळी तो बघून डोळ्यांना बरे वाटले होते. आता मी पायथ्याशी कुठे कुठे घरे शिरली आहेत आणि कुठे तांबडी माती उघडी पडली आहे, तेवढेच बघत होते. एकदा तसे बघू लागले की दुसरे काही दिसत नाही.

संध्याकाळी आमच्या पायऱ्या चढायला आम्हाला नेहमीच्या दुप्पट वेळ लागला. वर आल्यावर तात्यांनी घरात पाऊल टाकले नाही. तसेच मागच्या बाजूला गेले, रायवळ आंब्याच्या बुडाशी एक चपटा दगड बसवला आणि त्यावर नारळ ठेवला. सावंतीणबाई हातातले काम टाकून आल्या. एकेक करत चाळ जमली. कुंकू आले, अबोलीचा गजरा आला.

रविवारी पटांगणात बैठक झाली. मी फोटो दाखवले, जागेचे वर्णन केले, पाण्याची सोय नव्हती ते सांगितले. मुद्दे लिहूनच नेले होते. इंजिनिअरने ऐकून घेतले. या वेळी पाण्याचा टँकर लावू, दुसरी जागा बघू, संरक्षक भिंत आधी बांधू, म्हणाला. चाळीतल्या लोकांची चुळबुळ सुरू झाली. रस्ता सगळ्यांनाच हवा आहे. माझ्या फोटोंपेक्षा त्याच्या भिंतीचे वजन जास्त पडते आहे, हे मला दिसत होते. दोघांनी तर पेन काढले.

मग तो उठून जागा दाखवायला मागे गेला, आणि आम्ही सगळे त्याच्या मागून. आंब्यापाशी तो थांबला. “हा नारळ कोणाचा आहे? थोडा बाजूला ठेवता येईल का? आखणी करायचीय.”

पेन काढलेल्यांनी ते परत खिशात घातले.

“हलव बघू,” तात्या शांतपणे म्हणाले.

त्याने हलवला नाही. तो कुडाळचा नव्हता, पण सभोवती उभ्या माणसांचे चेहरे त्याला वाचता आले. आता वळणाची जागा बदलून, पलीकडच्या खडकाळ बाजूने रस्ता नेता येईल का, ते पाहतो असे सांगून तो गेला. कागद कोरे राहिले. माझे सगळे मुद्दे जिथे अडले, तिथे एका नारळाने काम केले, याचा मला राग आला नाही. काम झाले की झाले. पण ते किती दिवसांसाठी झाले, हे मी समजून आहे. ते पुन्हा येतील. दुसरा इंजिनिअर येईल, दुसरा फोटो असेल.

आणि उतारावरची जी झाडे गेली ती गेलीच. हा एक आंबा आणि त्याच्या आजूबाजूची चार झाडे सगळा डोंगर किती धरून ठेवणार? पाऊस आता फार लांब नाही. तात्या रोज सकाळी आंब्याच्या बुडात तांब्याभर पाणी घालतात आणि राखणदाराशी दोन शब्द बोलतात. मी तेवढ्या वेळात मागच्या खोलीतले तांदळाचे आणि डाळीचे डबे, गॅसचा जादा सिलिंडर आणि मुलांची पुस्तके पुढच्या खोलीत आणून ठेवली. मागच्या भिंतीला लागून आता काहीच नाही. फक्त झाडू आणि घमेले तिथे ठेवले आहे, पहिली माती आली की हाताशी असावे म्हणून.